आधी मागणी, मग दाव्याचा प्रकार : बेळगाव सीमाभागात दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरण दाखल करताना

खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कुठलाही पक्षकार असो, वकिलासमोर बसला की तो आधी भांडण सांगतो. कोण काय बोललं, बांध कोणी रेटला, सही कोणी करून घेतली. हे सगळं लागतंच. पण कागद दाखल करायला गेलं की काउंटरवर प्रश्न वेगळा येतो: हे ओ.एस. (मूळ दिवाणी दावा) आहे, एम.सी. (वैवाहिक अर्ज) आहे, की पी. अँड एस.सी. (मृत्युपत्र आणि वारसा दाखला)? या दोन-चार अक्षरांवरून कोर्ट ठरतं, कोर्ट फी ठरते, तारखांचा वेग ठरतो आणि पुढं अपील कुठं जाणार तेही ठरतं. अक्षरं चुकली तर दावा परत येतो, आणि तोवर समोरचा जमीन विकून मोकळा झालेला असतो.

म्हणून प्रकार ठरवताना भांडण कोणाशी आहे हे बाजूला ठेवा आणि मागणी काय आहे ते बघा. निकालाच्या शेवटी कोर्टानं नेमकं काय लिहून दिलं म्हणजे तुमचं काम होईल, ते वाक्य आधी कागदावर उतरवा. बाकीचं त्यातून सुटत जातं.

पहिली पायरी: मागण्या सुट्या करा

सीमाभागात रोज दिसणारं उदाहरण घेऊ. वडील वारले. तीन भाऊ, एक बहीण. थोरल्यानं तलाठ्याकडं वर्दी दिली आणि आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) फक्त भावांची नावं लागली. पुढं त्यानं एक हिस्सा परक्याला खरेदी दिला. वडिलांच्या नावावर बँकेत ठेव आहे, ती कोणालाच मिळत नाही. बहीण येऊन म्हणते, "माझं नाव लावून द्या."

हे भांडण एक असलं तरी मागण्या पाच आहेत. उताऱ्यावरची नोंद दुरुस्त व्हावी, ही पहिली. तिच्यासाठी कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 136 खाली प्रांताधिकाऱ्यांकडं अपील आहे. तो दिवाणी दावा नव्हे. दुसरी मागणी हिश्श्याची, म्हणजे सरस-निरस वाटप होऊन स्वतंत्र ताबा मिळावा. हा मूळ दिवाणी दावा, ओ.एस. तिसरी, थोरल्यानं दिलेलं खरेदीपत्र आपल्या हिश्श्यावर बंधनकारक नाही असा जाहीर ठराव (कोर्टाची घोषणा). ही त्याच वाटपाच्या दाव्यात घालायची आणि खरेदीदारालाही प्रतिवादी करायचं. चौथी, दावा चालेपर्यंत आणखी विक्री होऊ नये. त्यासाठी वेगळा दावा लागत नाही, त्याच दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली अंतरिम अर्ज, म्हणजे आय.ए., द्यायचा. पाचवी बँकेतल्या ठेवीची. तिला भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 खालचा वारसा दाखला लागतो आणि तो अर्ज पी. अँड एस.सी. या स्वतंत्र प्रकारात जातो.

अनेक बायका वर्षानुवर्षं फक्त पहिल्या मागणीच्या मागं फिरतात. उताऱ्यावरची नोंद ही महसुलासाठी असते, मालकी तिनं निर्माण होत नाही. नाव लागलं तरी हिस्सा हातात येत नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क बुडतही नाही. मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं आला आहे, आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. कर्नाटकानं तर स्वतःची दुरुस्ती करून 1994 पासूनच मुलींना हा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या कायद्यात ती अट उरली नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर मात्र ती मोडत नाही. ही तारीख आपल्या कागदांशी आधी ताडून घ्या.

एका कारणातून निघणाऱ्या मागण्या एकाच दाव्यात घालणं सक्तीचं आहे, हेही इथंच सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 2 नियम 2 प्रमाणे जी मागणी सोडली, तिच्यासाठी नंतर वेगळा दावा करता येत नाही. घराण्याच्या सगळ्या मिळकती, शेत, गावठाणातलं घर, शहरातला सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबरचा प्लॉट, एकाच वाटपाच्या दाव्यात आल्या पाहिजेत.

दुसरी पायरी: हे काम कोर्टाचं आहे का

काही प्रश्न दिवाणी कोर्ट हातातच घेत नाही. कुळ होतं की नव्हतं हा प्रश्न कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याखालच्या लवादाचा. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं सांभाळत नसतील, किंवा सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र लिहून घेऊन त्यांनाच घराबाहेर काढलं असेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज होतो. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिक्कोडी असे तीन उपविभाग आहेत. हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा कितीतरी लवकर संपतो आणि त्याला वकील लागतोच असं नाही. ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही, याचं फार वाईट वाटतं.

सरकार प्रतिवादी असेल तर दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीची मनाई हवी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दाखल करता येतं.

तिसरी पायरी: फॅमिली कोर्ट की दिवाणी कोर्ट

सगळ्यात मोठा गोंधळ इथं आहे. घरातलं भांडण म्हणजे फॅमिली कोर्ट, असं लोक धरून चालतात. तसं नाही. भावाभावांची, बहीण-भावांची, काका-पुतण्यांची वाटणी दिवाणी कोर्टातच चालते. फॅमिली कोर्ट कायदा 1984 चं कलम 7 लग्नाभोवती फिरतं: घटस्फोट, विवाह रद्दबातल ठरवणं, नांदायला पाठवण्याची मागणी, न्यायिक फारकत, लग्न झालं होतं की नाही याचा ठराव, मूल औरस आहे का हा प्रश्न, पोटगी, मुलांचा ताबा आणि पालकत्व, आणि नवरा-बायकोमधला मिळकतीचा वाद. शेवटचा मुद्दा नीट वाचा. दोघांच्या पैशानं घेतलेल्या फ्लॅटवरून नवरा-बायकोत वाद असेल तर तो फॅमिली कोर्टाचा. त्याच फ्लॅटवर सासरा हक्क सांगत असेल तर प्रश्न गुंततो, आणि मागणी नवऱ्याविरुद्ध आहे की सासऱ्याविरुद्ध हे आधी ठरवावं लागतं.

बेळगावात फॅमिली कोर्ट आहे. ज्या हद्दीत फॅमिली कोर्ट नाही तिथं घटस्फोटाचा अर्ज सीनिअर सिव्हिल जज्जांकडं जातो आणि दरमहा पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडं. फॅमिली कोर्टात वकील उभा करण्याचा आपोआप हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण अर्ज जोडायला विसरू नका.

पोटगी हा एकच शब्द चार ठिकाणी नेतो, म्हणून तिथं थोडं थांबू. फक्त दरमहा खर्च हवा असेल, लग्न मोडायचं नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. 1 जुलै 2024 च्या आधीचे अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचे. याला क्रिमिनल मिसलेनियस असा नंबर पडतो. त्यातला 'क्रिमिनल' ऐकून माहेरची माणसं घाबरतात, पण यात कोणावर गुन्हा दाखल होत नाही. घटस्फोटाचा किंवा नांदवण्याचा अर्ज आधीच चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागता येते, वेगळा नंबर लागत नाही. नवऱ्याच्या मिळकतीवर पोटगीचा बोजा चढवून हवा असेल तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली दावा करायचा, म्हणजे ओ.एस. आणि मारहाण, घरातून हाकलणं, स्त्रीधन अडवून ठेवणं असं काही असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 12. तो अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढं, आणि त्यात राहत्या घराचा हुकूमही मिळतो.

माझं मत असं की ज्या बाईला आज छप्पर नाही तिचा पहिला कागद कौटुंबिक हिंसाचाराचा असावा. जिला छप्पर आहे पण खर्चाची ओढाताण आहे तिचा कलम 144 चा. दोन ठिकाणी अर्ज करता येतात, पण आधीच्या अर्जाची आणि मिळालेल्या रकमेची माहिती दुसऱ्या कोर्टाला द्यावीच लागते. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोन्ही बाजूंना सक्तीचं आहे, तेव्हा ते पहिल्या दिवशीच जोडा.

चौथी पायरी: अक्षरं

कर्नाटकातल्या कोर्टांत नेहमी दिसणारे प्रकार असे:

- ओ.एस.: मूळ दिवाणी दावा. वाटप, मालकीचा ठराव, कायम मनाई, ताबा, पैशाची वसुली, साठेकराराची पूर्तता.
- एम.सी.: वैवाहिक अर्ज. घटस्फोट, परस्परसंमतीचा घटस्फोट, नांदवणूक, विवाह रद्द.
- जी. अँड डब्ल्यू.सी.: पालकत्व, मुलांचा ताबा, अज्ञानाची मिळकत विकायची परवानगी.
- पी. अँड एस.सी.: मृत्युपत्राचं प्रोबेट (कोर्टाची मान्यता), वारसा दाखला.
- एफ.डी.पी.: वाटपाच्या प्राथमिक हुकुमानंतर प्रत्यक्ष मोजणी करून अंतिम हुकूम मिळवण्याचं काम.
- एक्स. किंवा ई.पी.: हुकमाची अंमलबजावणी, आपल्याकडची दरखास्त.
- आर.ए.: निकालावरचं अपील. एम.ए.: अंतरिम हुकुमावरचं अपील.
- कॉम. ओ.एस.: व्यापारी वाद.

एफ.डी.पी. हा टप्पा पुष्कळांना ठाऊकच नसतो. वाटपाचा दावा जिंकला, पेढे वाटले, आणि मग वर्षं गेली तरी शेत हातात नाही. प्राथमिक हुकमानं फक्त हिस्सा किती ते ठरतं. कुठला तुकडा कोणाचा हे अंतिम हुकमात ठरतं, आणि त्याची दरखास्त त्यानंतर.

व्यापारी वादांचं मोजक्यात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं कोल्हापूरच्या कारखान्याला माल दिला, पैसे अडकले, रक्कम 3 लाख किंवा जास्त आहे, तर तो साधा वसुलीचा दावा राहत नाही. 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याखाली तो जातो, आणि तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा प्रयत्न करणं सक्तीचं आहे. तो न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो.

ओ.एस. मध्येही आतल्या मागणीचा प्रकार चुकतो, आणि ती चूक पहिल्या दिवशी कोणी दाखवून देत नाही. ताबा तुमच्याकडं आहे, शेजारी बांध रेटतोय, मालकीवर त्याचा काही दावा नाही: नुसती कायम मनाई पुरते. शेजारी म्हणतो जमीनच माझी, त्याच्याकडंही कागद आहेत: मग मालकीचा ठराव आणि मनाई, दोन्ही. ताबाही गेलेला आहे: ठराव आणि ताबा. 2008 च्या अनातुला सुधाकर निकालात सुप्रीम कोर्टानं हीच विभागणी घालून दिली आहे. ताबा गेलेला असताना नुसता ठराव मागितला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 34 खाली दावाच टिकत नाही. ताबा जबरदस्तीनं जाऊन सहा महिने झाले नसतील तर त्याच कायद्याचं कलम 6 आहे. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, फक्त ताबा होता आणि काढून घेतला एवढं दाखवायचं.

पाचवी पायरी: गाव कुठलं, राज्य कुठलं

सीमाभागातल्या माणसाची सोयरीक आणि जमीन दोन्ही हद्दीपलीकडं असतात. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. नाती त्याहून जुनी आहेत. तेव्हा हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारावा लागतो.

जमिनीचा दावा जमीन असेल तिथं. पण एकाच घराण्याची काही जमीन निपाणीत आणि काही कागलला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 17 प्रमाणे दोन्हींपैकी कुठल्याही एका कोर्टात सगळ्या मिळकतींच्या वाटपाचा एकच दावा करता येतो. दोन राज्यांत दोन दावे लावून दोन्हीकडं तारखा सोसायची गरज नाही. मी तरी ज्या बाजूला जास्त जमीन आणि जास्त साक्षीदार आहेत ती बाजू धरायला सांगेन.

लग्नाच्या प्रकरणात हिंदू विवाह कायद्याचं कलम 19 बघायचं. लग्न जिथं लागलं, समोरचा जिथं राहतो, दोघं शेवटी जिथं एकत्र राहिले, यांपैकी कुठंही. अर्ज बायकोचा असेल तर ती आज जिथं राहते तिथंही. माहेरी निपाणीला परत आलेल्या बाईला घटस्फोटासाठी कोल्हापूरला खेपा घालायची सक्ती नाही. नवऱ्यानं तिकडं आधीच अर्ज टाकला असेल तर तो इकडं हलवून घेण्याचा अधिकार मात्र ना बेळगावच्या जिल्हा न्यायाधीशांना आहे, ना हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाला. दोन राज्यांमधली बदली दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली फक्त सुप्रीम कोर्ट करतं.

मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथं. वारसा दाखला मयत माणूस मरतेवेळी नेहमी जिथं राहत होता तिथं. खानापूरचा माणूस नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक होऊन तिथंच वारला असेल तर पुण्यात. गावचं घर आहे म्हणून खानापुरात टाकलेला अर्ज परत येतो. आणि या दाखल्यानं ठेवी, शेअर, येणं रक्कम एवढंच मिळतं, जमीन मिळत नाही. तहसीलकडून मिळणारी वंशावळ हा त्याहून वेगळा कागद आहे.

सहावी पायरी: किंमत आणि कोर्ट फी

कर्नाटक कोर्ट फी आणि दावा मूल्यांकन कायदा 1958 मध्ये प्रत्येक मागणीला वेगळं कलम आहे, आणि दाव्यातल्या मूल्यांकनाच्या परिच्छेदात ते लिहावं लागतं. वाटपात वादी एकत्र ताब्यात असेल तर कलम 35(2): हिश्श्याची किंमत 10,000 रुपयांच्या वर असली तरी फी 200 रुपयेच. ताब्यातून बाहेर काढलं असेल तर 35(1), आणि मग हिश्श्याच्या किमतीवर फी. "मला शेतात पाऊल ठेवू देत नाहीत" असं रागाच्या भरात दाव्यात लिहिलं की वादी स्वतःच स्वतःला 35(1) मध्ये नेतो. खरोखर तसं असेल तर लिहावंच. पण भाऊ जमीन कसतो आणि सणाला धान्य पाठवतो असं असेल तर तेच लिहावं.

सारा भरणाऱ्या शेतजमिनीची किंमत या कायद्यासाठी वार्षिक साऱ्याच्या 25 पट धरतात, म्हणून फी बाजारभावाच्या मानानं अगदी कमी येते. एन.ए. (बिगरशेती) झालेल्या प्लॉटला ही सवलत नाही. खरेदीपत्रावर वादीची स्वतःची सही असेल तर ते रद्द करून मागावं लागतं, त्याची फी कलम 38 खाली; सही नसेल तर "माझ्यावर बंधनकारक नाही" असा ठराव मागायचा. मूल्यांकनावरूनच सिव्हिल जज्ज की सीनिअर सिव्हिल जज्ज हे ठरतं. ही रकमेची मर्यादा दुरुस्तीनं बदलत आली आहे, तेव्हा दाखल करायच्या दिवशीची मर्यादा कोर्टातल्या शिरस्तेदारांकडून खात्री करून घ्या.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडं करायचा.

सातवी पायरी: भाषा आणि नावं

दावा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टाइप होतो. तुमच्या सहीखाली "वरील मजकूर मला माहीत आहे आणि खरा आहे" असं सत्यापन असतं. तो मजकूर तुम्हाला वाचता येत नसेल तर निदान तीन जागा मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका: पक्षकारांची नावं आणि पत्ते, मिळकतीचं वर्णन, आणि शेवटची मागणी. हा तुमचा हक्क आहे, आणि कुठलाही चांगला वकील त्याला हरकत घेत नाही. उलट तपासणीत त्याच मजकुरावरून प्रश्न येतात.

मराठी खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, लग्नपत्रिका यांना भाषांतर जोडावं लागतं. मोडीतला कागद असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून आधी बाळबोध प्रत करून घ्या आणि मूळ कागद जपून ठेवा. नावांकडं विशेष लक्ष द्या. आरटीसीवर कन्नडमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं, असं होतंच. कुठं आडनाव आहे, कुठं गावाचं नाव लावलंय. दाव्याच्या शीर्षकात 'ऊर्फ' घालून सगळी रूपं एकदाच लिहा. जमिनीचा रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चारी बाजूंच्या चतुःसीमा उताऱ्याबरहुकूम असाव्यात.

दाखल केल्यावर

दावा दिला की आधी फायलिंग नंबर पडतो. छाननीत हरकती निघाल्या तर त्या दिलेल्या मुदतीत दूर करायच्या, मग नोंदणी क्रमांक आणि 16 अक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो. सीएनआर लिहून ठेवा. ई-कोर्ट्सवर तारीख बघायला तोच लागतो. तिथं दिसणारा प्रकार तुम्ही लिहिलेलाच आहे ना, ते पहिल्याच आठवड्यात पडताळा.

कर्नाटकाच्या 2005 च्या केस फ्लो मॅनेजमेंट नियमांनी दाव्यांचे चार गट केले आहेत. पोटगी, मुलांचा ताबा, वारसा दाखला, कायम मनाई ही पहिल्या गटात, 9 महिन्यांत संपवण्याच्या उद्दिष्टानं. घटस्फोट आणि दरखास्त दुसऱ्यात, 12 महिने. वाटप, ठराव, ताबा तिसऱ्यात, 24 महिने. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण मुदती मागण्याला विरोध करताना वकिलाला या नियमांचा आधार घेता येतो.

कोर्ट चुकलंच, तर दावा बुडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 10 प्रमाणे तो योग्य कोर्टात दाखल करायला परत मिळतो, आणि चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे, नेटानं घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वजा होतो. परत घेण्याआधी नियम 10-अ खाली अर्ज देऊन नव्या कोर्टातली हजर राहण्याची तारीख याच कोर्टाकडून ठरवून घ्या. मग प्रतिवादीला पुन्हा समन्स बजावत बसावं लागत नाही.